टिकलीखालचा दिवा

माणसाला हौस कोणत्या वयांत आणि कोठें गांठील याचा कांहीं नेम नसतो. पन्नाशी उलटलेल्या, इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या आणि भद्रावतीसारख्या गांवीं राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मोटारीच्या चाकांची हौस जडेल असें कोणी म्हणालें असतें, तर मीं तें हंसण्यावारीं नेलें असतें. पण दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत पुण्याहून आलेल्या आमच्या चिरंजीवांनीं गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि निकाल दिला, "बाबा, गाडी चांगली आहे, पण चाकांमुळें म्हातारी दिसते." हें विशेषण नुसत्या गाडीलाच होतें कीं धन्यालाही, अशी शंका मला चाटून गेली. ती खोटी पाडण्याच्या भरांत मी दुसऱ्याच दिवशीं नागपुरास गेलों आणि मूळचीं काळीं पोलादी चाकें काढून अलॉयचीं चकचकीत, एक इंचानें मोठीं अशीं नवीं चाकें बसवून आलों.

दुकानांत सारें काम दोन तासांत आटोपलें. जुनीं चाकें डिकींत आणि मागच्या बाजूस कोंबून मी परत निघालों, तों समोरच्या काट्यांजवळ एक पिंवळा दिवा लुकलुकूं लागला. घोड्याच्या नालासारखी एक आकृति आणि तिच्या पोटांत उद्गारचिन्ह! मिनिटभर तो लुकलुकला आणि मग स्थिर झाला. दुकानदारास फोन करून विचारलें, तेव्हां तो अगदीं निश्चिंतपणें म्हणाला, "सर, बाहेरचीं चाकें लावलीं कीं तो येतोच. लक्ष देऊं नका."

आयुष्यभर मुलांना विरामचिन्हांचें महत्त्व पटवून देण्यांत ज्यानें घसा कोरडा केला, त्या मीं त्या उद्गारचिन्हाकडे खरोखरच लक्ष दिलें नाहीं. पुढें पुढें रात्रीच्या प्रवासांत तें डोळ्यांत खुपूं लागलें, तेव्हां सौभाग्यवतींनीं त्यावर उपाय काढला. आपल्या कपाळावरची टिकली काढून तिनें ती बरोबर त्या दिव्यावर चिकटविली. गाडीलाही कुंकू लागलें, असें म्हणून आम्हीं दोघांनीं हंसून घेतलें. जुनीं चाकें घरीं जिन्याखालीं जाऊन बसलीं.

त्या टिकलीखालीं काय झांकलें गेलें होतें तें मला पुढें कळलें. तें येथेंच सांगून टाकतों, म्हणजे माझ्या अपराधाचें माप वाचकांना नीट घेतां येईल. आमच्या गाडीच्या प्रत्येक मूळ चाकांत, व्हाल्व्हच्या आंतल्या टोकाशीं, सुपारीहून थोडा मोठा असा एक सेन्सर बसविलेला होता. टायरांतील हवेचा दाब मोजावा आणि तो रेडिओच्या लहरींनीं गाडीला कळवावा एवढेंच त्याचें काम. प्रत्येक सेन्सरला त्याचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि गाडी आपल्या चार क्रमांकांनाच ओळखते. शेजारून जाणाऱ्या मोटारीच्या सेन्सरनें कितीही हांका मारल्या तरी ती ओ देत नाहीं. नव्या चाकांना दुकानांत साधे रबरी व्हाल्व्ह बसविले गेले आणि आमचे चारही पहारेकरी जुन्या चाकांबरोबर जिन्याखालीं गेले. त्या दिव्याच्या भाषेलाही एक व्याकरण आहे. तो एकदम पेटून तसाच राहिला, तर त्याचा अर्थ 'एखाद्या टायरांत हवा कमी आहे' असा होतो. आधीं मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर 'माझे पहारेकरी मला सांपडत नाहींत' असा. गाडी मला रोज दुसरें वाक्य ऐकवीत होती. आणि पहिलें बोलण्याची तिची शक्तीच मीं काढून घेतली होती.

सगळ्या गाड्यांत हे पहारेकरी नसतात हें खरें. कांहीं गाड्या ब्रेकच्या व्यवस्थेकडून चाकांचे फेरे मोजून घेतात. हवा कमी झालेलें चाक किंचित लहान होतें, म्हणून तें इतरांहून जलद फिरतें, आणि त्यावरून गाडी काय तें ताडते. अशा गाडीला नवीं चाकें बसविल्यावर नव्यानें ओळख करून दिली म्हणजे पुरतें. मात्र चारही चाकांतली हवा सारखीच उतरत गेली तर तिला पत्ता लागणें कठीण. वर्गांतल्या साऱ्याच मुलांनीं अभ्यास सोडला, म्हणजे एकही मूल मागें पडल्यासारखें दिसत नाहीं, तसलाच हा प्रकार!

हें सारें कोणाच्या चैनीसाठीं निघालेलें नव्हे. डनलॉपनें १८८८ सालीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर चढविले तेव्हांपासून माणूस हवेवर बसून प्रवास करूं लागला. पण ती हवा आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम पुढें शंभर वर्षें त्याच्याच माथीं होतें. अमेरिकेंत फायरस्टोन टायरांच्या प्रकरणांत दोनशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं, तेव्हां तेथें २००० सालीं कायदा झाला आणि २००७ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या मोटारींत ही सोय सक्तीची झाली. युरोपांत २०१४ पासून नव्या मोटारींना तोच नियम लागला. आपल्याकडे २०२० सालीं निघालेल्या नियमानें अशी सोय आणि पंक्चर काढण्याचें साहित्य असलेल्या लहान मोटारींना जादा चाक बाळगण्यापासून सूट मिळाली. पांचव्या चाकाची जागा घेण्याइतका ज्याचा अधिकार कायद्यानें मानला, त्याला मीं टिकलीखालीं दडपलें होतें.

माझी खरी चूक मात्र याहून जुनी आहे. आमच्या वडिलांची फियाट होती, त्या काळीं घरांतून निघण्यापूर्वीं ते चारही चाकांना हात लावीत. उन्हाळ्यांत तर ही पूजा सूर्योदयापूर्वींच होई. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचें ऊन सर्वश्रुत आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे गेला तर येथें कोणी दचकत नाहीं. उष्णता साडेपांच अंशांनीं वाढली कीं टायरांतील दाब सुमारें एक पौंडानें चढतो. म्हणून हवा पाहावयाची ती थंड चाकाची, आणि दुपारीं तापलेल्या चाकांतली हवा जास्त वाटली म्हणून कधीं सोडावयाची नाहीं, हें ते शास्त्र न शिकतांही जाणत. गाडींत दिवा आला तेव्हां मीं हें हातानें पाहणें सोडलें. यंत्र पाहतें आहे, मग मीं कशाला पाहूं? नंतर मीं यंत्रही घालविलें. पण सोडलेली संवय कांहीं परत आली नाहीं. शिवाय नव्या चाकांवरचे टायर बुटक्या बाजूंचे. त्यांत हवा आहे कीं नाहीं हें नुसत्या नजरेला चटकन् कळतही नाहीं. जुना पहारा दिव्याच्या भरंवशावर उठविला आणि दिवा शोभेपायीं विझविला, अशा दुहेरी अंधारांत मी वर्षभर सुखानें मोटार हांकीत होतों.

गेल्या मे महिन्यांत आईच्या डोळ्याचें मोतीबिंदूचें ऑपरेशन नागपुरास झालें. तिला घेऊन परत यावयास रात्र झाली. जाम मागें पडलें, वरोरा ओलांडलें. आई मागें काळा चष्मा लावून बसली होती. थोड्या वेळानें ती म्हणाली, "बापू, गाडी लंगडते का रे?"

"रस्ता खराब आहे, आई," मीं म्हटलें.

ती कांहीं बोलली नाहीं. दोनतीन मिनिटांनीं पुन्हां म्हणाली, "माझ्या अंगाखाली लंगडते." डोळ्यानें धड न दिसणाऱ्या ब्यायशीं वर्षांच्या म्हातारीला काय कळणार, असा विचार माझ्या मनांत आला हें मला येथें कबूल केलें पाहिजे. मीं वेग कमी केला नाहीं.

मागून एक रिकामा कोळशाचा ट्रक आला. त्यानें भोंगा वाजविला, दिवे उघडझांप केले. मला वाटलें, त्याला पुढें जावयाची घाई आहे. शेजारीं येतांच खिडकींतून अर्धा बाहेर लोंबकळून क्लीनर ओरडला, "ओ साहेब, मागचा चक्का बसला न जी!"

थांबून पाहिलें तों डावें मागचें चाक रिमवर आलेलें. टायर हात लावूं देईना इतका तापला होता आणि जळक्या रबराचा दर्प सुटला होता. ट्रक पुढें जाऊन थांबला होता. तो पोरगा परत आला, त्यानें जॅक लावला आणि जादा चाक चढविलें. निसटलेला टायर त्यानें बोटानें चांचपला. त्याची बाजू आंतून दळून निघाली होती आणि रबराचा भुगा झाला होता. "अजून चार-पांच किलोमीटर गेले असते तर फाटला असता," तो म्हणाला. जातांजातां त्यानें आपल्या ट्रकच्या दहाही चाकांवर टॉमीनें एकेक ठोका मारला आणि कान देऊन आवाज ऐकला. माजरीकडच्या खाणींतून कोळसा वाहणाऱ्या गाड्यांचे क्लीनर हें करतांना मीं शेंकडों वेळां पाहिलें आहे, आणि अडाण्यांचा चाळा म्हणून सोडून दिलें आहे. मीं पैसे पुढें केले. त्यानें घेतले नाहींत. एवढेंच विचारलें, "साहेब, तुमच्या गाडीत दिवा राह्यते न?"

"असतो," मीं म्हटलें. यापुढचें वाक्य माझ्याच्यानें बोलवेना.

आई गाडींतच बसून होती. मी आंत येऊन बसलों तेव्हां ती म्हणाली, "तुझ्या आज्याची दमणी कुरकुरली की ते उतरून पाहत. बैलाला मारत नसत." एवढें बोलून ती गप्प झाली. घर येईपर्यंत मी ताशीं चाळीसच्या वर गेलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी चंद्रपूरला एका जुन्या कारागिराकडे गेलों. सारी हकीकत ऐकून तो म्हणाला, "सर, मग सेन्सर तर तुमच्या घरीच आहेत न जी!" काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण मीं कितीदां वापरली असेल, माझ्याच जिन्याखालीं ती वर्षभर पडून होती. पण जुने सेन्सर नव्या चाकांत घालण्याचा सल्ला त्यानें दिला नाहीं. त्यांच्या आंतली बॅटरी कायमची बंद केलेली असते. ती बदलतां येत नाहीं, आणि तिचें आयुष्य साधारणपणें पांच ते दहा वर्षांचें. आमच्या सेन्सरांना सातवें चालूं होतें. टायर पुन्हां उतरविण्याची मजुरी आज द्यावयाची ती एकदांच नव्या सेन्सरांसाठीं द्यावी, असा त्याचा हिशेब होता. तो मला पटला. नव्या टायरासह एकंदर खर्च ऐकला, तेव्हां मात्र नाकापेक्षां मोतीं जड झालें असें वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

त्याचें काम पाहत मी स्टुलावर बसून राहिलों. नव्या रिमचा आंतला घाट निराळा असतो, म्हणून सेन्सर धातूला घांसत तर नाहीं ना, हें त्यानें आधीं पाहिलें. रबरी वायसर नवे घातले, नट बेतानें आंवळले. टायर चढवितांना यंत्राचा दांडा व्हाल्व्हच्या जागेवर दाबला जाऊं नये म्हणून चाक फिरवून घेतलें. मग वजनें लावून चाकांचा तोल साधला. शेवटीं तळहाताएवढें एक यंत्र प्रत्येक टायराशीं धरून त्यानें सेन्सरांना जागें केलें आणि त्यांचे चार क्रमांक गाडीला शिकविले. वर्गांत हजेरी घ्यावी तसें तें दिसत होतें. चारही 'हजर' झाले आणि दिवा विझला.

निघतांना त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. "हा दिवा लवकर नाही बोलत, सर. बरीच हवा गेल्यावर बोलते." अमेरिकेच्या नियमांतही दाब चौथाईनें उतरल्यावर दिवा पेटावा असेंच आहे, म्हणजे ३३ पौंडांच्या चाकांत २५ च्या खालीं हवा येईपर्यंत तो मुकाच राहूं शकतो. सेन्सर बसविले म्हणून आपण पाहणें सोडावें, असा त्याचा अर्थ होत नाहीं.

ती टिकली मीं नखानें खरवडून काढली. तिच्या गोंदाचा एक बारीक डाग मात्र अद्याप कांचेवर आहे. पत्नीनें तो दोनदां पुसून पाहिला, निघाला नाहीं. आतां महिन्यांतून दोनदां उजाडण्यापूर्वीं मी अंगणांत गेज घेऊन बसतों. आई ओट्यावरून विचारते, "पाहिली का रे हवा?" पाहिली, म्हणून मी आंकडा सांगतों. तिला त्या आंकड्यांतलें कांहीं कळत नाहीं. पण मी उत्तर देतों कीं नाहीं, इकडे तिचें पुरतें लक्ष असतें.