बागेचें नांव

मुलाचें नांव बाराव्या दिवशीं ठेविलें कीं तें त्यास जन्मभर पुरतें. बागेचें तसें नाहीं. तिचें बारसें सभेंत होतें, नांव फलकावर रंगतें, आणि तरीही तें लोकांच्या जिभेवर बसेल कीं नाहीं हें कोणासच सांगतां येत नाहीं. हा विचार आम्हांस या उतारवयांत सुचला तो आमच्या गांवांतील एका लहानशा बागेमुळें. आणि तींत आमचा स्वतःचाही स्वार्थ गुंतला होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

वैनगंगेवर गोसीखुर्द येथें जें धरण झालें, त्याच्या पाण्याखालीं आमचें जुनें गांव गेलें. 22 एप्रिल 1988 रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें धरणाची पायाभरणी झाली, तेव्हां आम्ही तरुण मास्तर होतों. पुढें घरें गेलीं, शेतें गेलीं, आणि ज्या शाळेंत आमच्या तीर्थरूपांनीं तीस वर्षें मुलांकडून अक्षरें गिरवून घेतलीं ती शाळाही गेली. नव्या गांवठाणाच्या नकाशांत एक तुकडा मोकळा सोडलेला होता. तेथें लोकांनीं झाडें लाविलीं, हळूहळू छाया झाली, आणि आतां त्या जागेस नांव द्यावें असें ठरलें. कोणी एका राष्ट्रपुरुषाचें नांव सुचविलें, कोणी तालुक्यांतील एका दिवंगत पुढाऱ्याचें. आम्हीं तिसरा अर्ज लिहिला, तो तीर्थरूपांच्या नांवाचा. चिरंजीवांनीं बांकांचा खर्च देऊं केला होता, आणि वडीलबंधूंचीही संमति होती.

अर्ज देण्यापूर्वीं चिरंजीवांकडे मुंबईस जाणें झालें. बिऱ्हाड दादरास असल्यामुळें नातवाचा हात धरून आम्ही रोज सायंकाळीं शिवाजी पार्कावर जात असूं. हें मैदान 1925 सालीं लोकांस खुलें झालें, तेव्हां त्याचें नांव माहीम पार्क होतें. 1927 सालीं महापालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्यास शिवछत्रपतींचें नांव मिळालें, आणि तें असें रुजलें कीं आज माहीम पार्क म्हणून विचारल्यास कोणी वाट दाखविणार नाहीं. 2020 सालीं महापालिकेनें त्याचें 'छत्रपति शिवाजी महाराज पार्क' असें केलें. त्यामागील आदर योग्यच. परंतु बोलण्यांत अजून शिवाजी पार्कच आहे.

एके दिवशीं भायखळ्याची बाग पाहिली. 1862 सालीं ती व्हिक्टोरिया राणीच्या नांवानें उघडली. आज तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. लोक मात्र पूर्वींप्रमाणेंच राणीची बाग म्हणतात. नातवानें विचारलें, "आजोबा, ही राणी कोणती?" आम्ही उत्तर जुळवीत आहों तोंच तो प्रवेशद्वाराकडे बोट दाखवून म्हणाला, "जिजाबाईच ना!" सभेनें नांव बदललें, लोकांनीं शब्द ठेविला, आणि त्या शब्दाचा अर्थ एका पोरानें बदलून टाकिला! व्युत्पत्तीपेक्षां रूढि बलवत्तर, असें आमचे शास्त्रीबुवा शिकवीत, तें येथें प्रत्यक्ष दिसलें.

शहरांतील रीत अशी कीं एखादा नगरसेवक नांव सुचवितो, तें उद्यान समितीपुढें येतें, आणि तेथें मतांची मोजणी होते. ही रीत वाईट नाहीं. तिच्यावांचून ज्याच्या हातीं रंगाचा डबा तो नांव लिहील. परंतु मतें मोजून फलक लागतो, नांव लागतेंच असें नाहीं. मलबार टेकडीवरील फिरोजशाह मेहता उद्यान लोकांस हँगिंग गार्डन म्हणूनच ठाऊक आहे. उलट एल्फिन्स्टन सर्कलचें स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन सर्कल झालें, तें टिकलें. 'बॉम्बे क्रॉनिकल'च्या ज्या संपादकास सरकारनें 1919 सालीं देशाबाहेर घालविलें, त्याचें नांव मुंबईच्या मनांत आधींच असेल. सभेनें तें केवळ उतरवून घेतलें असावें, असें आम्हांस वाटतें.

हें सर्व आम्ही रात्रीं जेवतांना सांगत होतों. सूनबाई वाढतां वाढतां म्हणाल्या, "मामंजी, आपल्या गांवच्या बायका त्या जागेला काय म्हणतात हो?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्या बागेसाठीं आम्हीं दोन पानांचा अर्ज लिहिला होता, पण हें कधीं ऐकलें नव्हतें.

परततांना नागपुरास उतरलों. भोसल्यांचें राज्य 1854 सालीं खालसा झालें, तरी त्यांची बाग अजून महाराजबागच आहे. गांवीं पोंचल्यावर संध्याकाळीं बागेंत जाऊन एका कडेस बसलों. मासे धरणाऱ्या घरांतील एक म्हातारी नातीस हांक मारून म्हणाली, "चाल वो, पारावर जाऊ." तेथें पार नाहीं! पार होता जुन्या गांवीं, पिंपळाभोंवतीं. तो पाण्याखालीं आहे. परंतु त्या पिंपळाचें एक रोप कोणी उचलून आणून येथें लाविलें होतें, आणि रोपाबरोबर शब्दही आला होता. बागेचें नांव कधींच ठेवून झालें होतें.

ग्रामसभेच्या दिवशीं आम्हीं अर्ज परत घेतला आणि बागेस 'पार' म्हणावें असें सुचविलें. कांहीं हसले, एक गृहस्थ रागावले. निकाल पुढील सभेवर गेला. वडीलबंधु चार दिवस आमच्याशीं बोलले नाहींत. त्यांचें दुःख आम्हांस कळतें. शाळा बुडाली, हजेरीपटही गेले, आतां तीर्थरूपांचें नांव गांवांत कोठेंच लिहिलेलें उरलें नाहीं. चिरंजीवांनीं मात्र बांकांचे पैसे पाठविले, आणि त्यांवर कोणाचेंही नांव घालूं नये असें कळविलें.

इंदिरासागर असें थोर नांव दिलेल्या या जलाशयास आमच्याकडे अजून गोसीखुर्दच म्हणतात. फारसी भाषेंत खुर्द म्हणजे लहान. एवढें मोठें पाणी एका लहान गांवाच्या नांवानें ओळखलें जातें, हें आठवलें कीं मनास थोडें बरें वाटतें.