हळूच विचारलेला प्रश्न

गेल्या भाद्रपदांत आमच्या घरीं एक लहानसा अपघात झाला. त्याला अपघात म्हणूं नये, असें मी पहिले दोन दिवस म्हणत होतों. आतां म्हणत नाहीं.

आमच्या सौ.च्या डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती. दिवसांतून चार वेळां डोळ्यांत थेंब घालावयाचे, आणि तें काम मीं आपल्याकडे घेतलेलें. शिस्तीचें काम मास्तरांनींच करावें असा आमच्या घरांत जुना समज आहे, व तो पसरविणारा मीच. कोनाड्यांत तशाच आकाराची आणखी एक बाटली होती; नातवाच्या कानांत घालावयाच्या औषधाची. तिन्हीसांजेची वेळ. मीं बाटली उचलली तेव्हां दाराशीं उभी असलेली सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, बाटली तीच ना?" मी म्हणालों, "मला अक्षरओळख आहे." ती गप्प राहिली. पुढच्याच क्षणीं सौ. किंचाळली.

डोळा पुष्कळ पाण्यानें धुतला, रात्रींच डॉक्टरांकडे धांवलों. डोळा वांचला, पण कित्येक दिवस तो लाल होता, आणि तेवढ्या दिवसांत सौ. मला एका शब्दानेंहि टाकून बोलली नाहीं.

दिवाळीला माझा पुतण्या आला. तो वैमानिक आहे. हकीकत ऐकून तो हंसला नाहीं. म्हणाला, "काका, हें तर तेनेरीफचेंच झालें." मग त्यानें जें सांगितलें, तें ऐकून त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

तेनेरीफ हें स्पेनच्या ताब्यांतील कॅनरी बेटांपैकीं एक. १९७७ सालच्या मार्चच्या २७ तारखेस शेजारच्या बेटावरील विमानतळावर बाँबचा स्फोट झाला, म्हणून कित्येक विमानें तेनेरीफच्या लहानशा तळाकडे वळविण्यांत आलीं. त्यांत दोन प्रचंड बोइंग ७४७ विमानें होतीं. एक डच कंपनीचें, दुसरें अमेरिकेच्या पॅन ॲमचें. दुपार उलटली, धुकें उतरलें. डच विमानाचे कॅप्टन व्हान झान्टेन हे त्या कंपनींत ७४७ विमानाच्या शिक्षणाचे प्रमुख. म्हणजे वैमानिकांचे गुरुजीच म्हणाना. शेजारीं बसलेल्या दुय्यम वैमानिकाची परीक्षा त्यांनींच थोड्या दिवसांपूर्वीं घेतली होती. उशीर होत चालला होता, आणि कामाच्या तासांचे नियम मोडले तर सर्वांना मुक्काम पडणार होता.

धांवपट्टीच्या टोकाशीं येतांच त्यांनीं विमान पुढें काढूं लागतांना दुय्यमानें अडविलें : अजून परवानगी मिळालेली नाहीं. ते थांबले. पुढें मार्गासंबंधीं सूचना आल्या, आणि त्यांनाच उड्डाणाची आज्ञा समजून त्यांनीं विमान सोडलें. या खेपेस दुय्यमानें अडविलें नाहीं. एकाच माणसाला, तेंहि गुरूला, दोनदां अडवावयाचें म्हणजे काय, हें शिक्षकाच्या हाताखालीं वावरलेला कोणीहि ओळखील. नियंत्रकाचें थांबण्याविषयींचें सांगणें व पॅन ॲमचा निरोप हे एकाच वेळीं आल्यामुळें कर्कश आवाजांत बुडून गेले. पण मागें बसलेल्या यंत्रतज्ज्ञाचे कान जागे होते. तें दुसरें विमान अजून पट्टीवरून बाजूला गेलेलें नाहीं का, असें त्यानें विचारलें. कॅप्टननीं ठासून सांगितलें, गेलें आहे. तो पुन्हां बोलला नाहीं. कांहीं क्षणांतच धुक्यांतून दुसरें विमान समोर उभें राहिलें. ५८३ माणसें गेलीं. डच विमानांतलें एकहि वांचलें नाहीं.

त्या यंत्रतज्ज्ञाचा प्रश्न आणि सूनबाईचा प्रश्न यांत मला कांहीं अंतर दिसेना. दोघांनाहि दिसत होतें. दोघांनींहि विधान न करतां प्रश्न केला. आणि उत्तरहि दोघांना एकाच थाटाचें मिळालें.

रघुवंशाच्या चौदाव्या सर्गांत लक्ष्मण वडील भावाची आज्ञा शंका न घेतां शिरावर घेतो, तो भाग मीं कित्येक वर्षें मोठ्या प्रेमानें शिकविला. त्या आज्ञेनें सीता अरण्यांत एकटी राहिली, यावर एकदां एका मुलानें कांहीं विचारलें होतें. त्याला मीं खालीं बसविलें होतें.

अमेरिकेंत १९७८ साली पोर्टलंडजवळ इंधन संपून एक विमान पडलें. तेथेंहि इंधन कमी होत असल्याचें कनिष्ठांनीं सांगितलें होतें, पण पुरेशा जोरानें नव्हे. १९७९ साली 'नासा' या संस्थेनें तज्ज्ञांची बैठक भरविली, आणि तेथून पुढें वैमानिकांना नव्या प्रकारचें शिक्षण देण्याची प्रथा पडली. त्यांत कनिष्ठानें कसें बोलावें तें शिकवितात, आणि वरिष्ठानें कसें ऐकावें तेंहि. "काका, आमच्याकडे गप्प बसणें हीसुद्धां चूक धरतात," असें पुतण्या म्हणाला. उड्डाण हा शब्दहि आतां प्रत्यक्ष परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच उच्चारावयाचा, असा दंडक आहे.

एवढ्यानें सर्व सुधारलें असें नाहीं. २०१० सालच्या मे महिन्यांत मंगळुरास दुबईहून आलेलें विमान पट्टी ओलांडून दरींत गेलें व १५८ माणसें मेलीं, तेव्हां दुय्यम वैमानिकानें पुन्हां वर चला असें तीनदां सांगितलें होतें. सांगितलें, पण विमान आपल्या हातीं घेतलें नाहीं. तेवढा हात उचलावयास किती पिढ्या लागतात कोण जाणे!

दिवाळीनंतर दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. थेंब अजून मीच घालतों; पण आधीं बाटलीवरचें नांव मोठ्यानें वाचतों, व सूनबाई तें पाहून पुन्हां उच्चारते. पहिले कांहीं दिवस ती लाजत असे, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि तें थोडें झोंबत असे. परवां मीं नांव वाचलें, तर ती उच्चारीना. मीं वर पाहिलें.

"मामंजी," ती म्हणाली, "चष्मा कपाळावर आहे. आधीं डोळ्यांवर घ्या, मग वाचा."

सौ. डोळे मिटून पडली होती. ती हंसूं लागली, आणि थेंब घालावयास पांच मिनिटें उशीर झाला.