बांगडा चालतो, भाकरी चालत नाही

मंडळी, सध्या मी 'कीटो'वर आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. हसायचं तर हसून घ्या, आमचे हेसुद्धा आधी हसलेच. "आयुष्यभर पोरांना पानात काही टाकू नका म्हणून दटावलंस आणि आता स्वतः भाकरी बाजूला सारतेस!" असं म्हणून त्यांनी माझ्यासमोरच वरणभात कालवायला घेतला. पुरुषमाणसाला सहानुभूती दाखवायची तऱ्हा ती हीच.

हौस म्हणून काही मी हे सुरू केलेलं नाही. बारा वर्षांपासून साखरेचा त्रास आहे. गेल्या दिवाळीनंतर तपासणी केली तेव्हा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा तो आकडा, एचबीएवनसी, ९.१ निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही पडद्यावर बारीक ठिपके दिसताहेत म्हणून सांगितलं. वाचन हा माझा एकुलता एक चैनीचा भाग, त्यामुळे डोळ्यांचं नाव काढल्यावर मात्र मी घाबरले. ठाण्याला असते ती आमची सून दीड वर्ष कीटो करत होती. ती म्हणाली, "आई, डॉक्टरांना विचारून करून बघू या." नाशिकच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाची आणि चरबीची तपासणी करून घेतली, मग होकार दिला, पण एक गोळी बंद केली. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी ती गोळी आणि हा आहार एकत्र आले तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं म्हणे. दुसरी एक अर्ध्यावर आणली, नाहीतर साखर एकदम खाली यायची. कुणाचं बघून किंवा माझं वाचून कुणी हे परस्पर सुरू करू नका, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिलं.

आता कीटो म्हणजे काय? थोडक्यात सांगते. आपण भात-भाकरी-साखर खातो, शरीर तेच जाळून चालतं. ते दिवसाला वीस ते पन्नास ग्रॅम कर्बोदकांवर आणलं की शरीर चरबी जाळायला लागतं, आणि यकृत त्या चरबीतून कीटोन नावाचे पदार्थ तयार करतं. मेंदूचंही बरंचसं काम मग त्यावर भागतं. मला पन्नासची मर्यादा मिळाली. नागलीची एक मध्यम भाकरी म्हटली की पन्नासेक ग्रॅम पीठ, म्हणजे कर्बोदकं तीसच्या वरच गेली. दोन भाकऱ्यांत दिवस संपला! मासे, अंडी, पालेभाजी, खोबरं, तेल, तूप मात्र चालतं.

मासे चालतात हे ऐकलं आणि माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला. माझं माहेर केळव्याचं. पानमळे आणि सुरूच्या बागा, शितलादेवीचं देऊळ, आणि दारात मासेवाली. पालघरच्या दांडेकर कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झाले आणि नोकरी लागली ती थेट डोंगरात, मोखाड्याला. समुद्राकाठच्या मुलीला तेव्हा हा तालुका म्हणजे मुलूख परका. जव्हारच्या पुढे एस. टी. वळणं घेत चढायला लागली की खिडकीतून नुसता साग दिसायचा. ताजा मासा औषधालाही नाही. इथे वर यायची ती सुकट, जवळा, सुके बोंबील. किनाऱ्यावरच्या बायका पाट्या घेऊन आठवडी बाजाराला यायच्या. ओळखीचा तो वास आला की मला रडूच यायचं. असो.

दर वर्षी मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं केळव्याला जमतो. यंदा लहानमोठी मिळून बावीस डोकी होती. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्यामुळे मेचे शेवटचे आठवडे म्हणजे ताज्या मासळीला निरोप द्यायचे दिवस. भाऊ पहाटे सातपाटीला जाऊन पापलेटं, कोलंबी, बोंबील आणि माझ्यासाठी खास बांगडे घेऊन आला. आमच्याकडे बांगड्याला पापलेटाइतका मान नाही. पण कीटोच्या हिशेबात तो चरबीवाला, म्हणून वरचढ. साठ वर्षांनी बांगड्याचे दिवस आले म्हणायचे.

खरी अडचण झाली ती वहिनीची. "वन्सं, तांदळाचं पीठ न लावता बोंबील तळायचा कसा? तव्यालाच चिकटेल की!" तिचं म्हणणं बरोबरच होतं. बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. मग तिने बोंबील चिरून, फडक्यात घालून, वर पाटा ठेवून दोन तास दाबले आणि माझ्यापुरते नुसत्या हळद-मिठा-मिरचीवर भरपूर तेलात टाकले. दोन तुटले. बाकीचे असे काही झाले की पोरांनी माझ्या ताटातून पळवले. कोलंबीचं भुजणं तर मुळातच कीटोवाल्यांनी शोधून काढल्यासारखं. कांदा, लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, हळद, तेल, सगळं थंडच कालवायचं, पाण्याचा थेंब नाही, झाकण ठेवून मंद आचेवर. चमचा घालायचा नाही, टोप नुसता हलवायचा. त्यात पीठ कुठे आलं? आमच्या आजीला कीटो शब्द ठाऊक नव्हता, भुजणं मात्र येत होतं. फक्त कांदा बेताने घ्यायला सांगितला.

आंब्याचं मात्र काही करता आलं नाही. शंभर ग्रॅम आंब्यात चौदा-पंधरा ग्रॅम साखर. पंगतीत रसाचं भांडं माझ्यासमोरून पुढे सरकायचं तेव्हा सगळी एकदम गप्प व्हायची, जणू काही माझ्या घरी कुणी गेलंय! शेवटी धाकटी नात म्हणाली, "आजी, तू वास घे." घेतला. एका दुपारी दोन फोडी मोजून खाल्ल्या आणि रात्री फक्त बांगडा आणि काकडी. हे दिवसभर मोजत बसणं मात्र मला आवडत नाही. जन्मभर गुणपत्रिका केल्या, आता स्वतःची रोज करायची.

आणखी एक. उन्हाळ्यात हा आहार जरा जपूनच. कर्बोदकं बंद झाली की शरीरातला साखरेचा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर पाणी आणि मीठही जातं. पहिल्या आठवड्यात माझे पाय वळायचे, डोकं जड व्हायचं. डॉक्टरांनी रक्तदाब बघून मीठ घालून ताक आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. भरपूर पाणी! मध्य वैतरणेचं धरण आमच्या तालुक्याच्या अंगाला आहे, ते पाणी मुंबईला जातं, आणि मेमध्ये आमच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग असते. डॉक्टरांचा काय दोष म्हणा.

सुनेने मला कीटोवरचं एक पुस्तक आणून दिलं होतं. मास्तरीण असल्याने पहिल्या पानापासून वाचलं. त्यात दोन गोष्टी अशा निघाल्या की त्यानंतर बरेच दिवस माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

पहिली म्हणजे हा आहार वजनासाठी निघालेलाच नाही. फेफऱ्याच्या रोग्यांना कडकडीत उपास घडवला की झटके कमी होतात हे डॉक्टरांना दिसलं होतं. पण उपास करवणार किती दिवस? म्हणून १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की खायला द्यायचं, पण असं द्यायचं की शरीराला उपासच वाटावा. म्हणजे कीटो ही भरल्या पोटी केलेली उपासमारीची नक्कल. वजनाचं वेड पुढचं. डॉ. ॲटकिन्स यांचं पुस्तक आलं १९७२ साली.

दुसरी गोष्ट श्वासाची. कीटोन वाढले की श्वासाला एक वास येतो, पिकून उतरलेल्या फळासारखा, नखांचा रंग काढायच्या द्रावणासारखा. सुनेच्या मैत्रिणी म्हणे तो वास आला की खूश होतात, आहार लागू पडला म्हणून.

मंडळी, तो वास माझ्या ओळखीचा आहे.

श्रावणात पाढे म्हणून दाखवायला पोरं टेबलाजवळ यायची तेव्हा यायचा तो. आमच्याकडे घरातली नागली-वरई साधारण पावसाच्या तोंडाशी संपते आणि नवं पीक हाती यायला दिवाळी उजाडते. मधले महिने म्हणजे रानातला कडूकंद, पुन्हा पुन्हा उकळून पाणी फेकून कडवटपणा काढलेला, रानभाज्या, आणि नशिबात असेल तर सुकट. सकाळी काही न खाता तीन-चार मैल चालून आलेलं पोर तोंड उघडायचं आणि तो गोडसर वास यायचा. आम्हा शिक्षकांत त्याला नावसुद्धा नव्हतं. शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला १९९२-९३ साली मुलं दगावली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला जव्हार-मोखाडा कुठे आहे ते कळलं. १९९५ नंतर शाळेत महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायला लागला, काही वर्षांनी शिजवलेली खिचडी आली. खिचडी सुरू झाल्यावर तो वास कमी झाला. हजेरीपटाआधी नाकाला कळलं ते. तरीही २०१६ साली पुन्हा पालघर जिल्ह्यातले कुपोषणाचे बळी वर्तमानपत्रांत गाजलेच.

डॉक्टरांना मी विचारलं, हा तोच वास का? ते म्हणाले, "हो बाई, रसायन तेच. फरक एवढाच की तुमच्या अंगावर जाळायला चरबी आहे." मुलं मोठ्यांपेक्षा फार लवकर त्या टोकाला जातात, असंही म्हणाले.

केळव्याला जायच्या आधीच्या आठवड्यात खोडाळ्याच्या बाजूला एका पाड्यावर लग्न होतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचं. तोही श्रावणात टेबलाजवळ येणाऱ्यांतलाच. आता वनखात्यात नोकरीला आहे. मांडवात भात, डाळ, कोंबडी, सगळं होतं. मी कोंबडी आणि काकडी घेऊन भागवत होते, तेवढ्यात त्याची म्हातारी आई मला हाताला धरून आत चुलीपाशी घेऊन गेली. माझ्यासाठी वेगळी नागलीची भाकरी थापली होती, वर सुक्या बोंबलाचं आणि कैरीचं कालवण. "बाईला नागली आवडते," हे तिने तीस वर्षं लक्षात ठेवलं होतं.

मी म्हटलं, कालवण वाढ, भाकरी नको. तिचा हात तसाच राहिला. मुलगा दारात होता. तो हलकेच म्हणाला, "बाई, भाकर नाय खायची? आमच्या घरची नको काय?"

हा प्रश्न साधा नाही. इथे बाहेरून आलेली नोकरदार माणसं पाड्यावर गेली की "आत्ताच जेवून आलो" म्हणतात आणि पाण्यालाही हात लावत नाहीत, हे या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. नागली खाणारे म्हणून या मुलांना चिडवणारी माणसं मी शाळेतच पाहिली. नागलीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे फळ्यावर लिहून मी त्यांना मान वर करून डबा उघडायला सांगत असे. पुढे २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तीच नागली शहरात सुंदर पाकिटांतून विकायला लागली. आणि आता त्याच मुलाच्या चुलीपाशी बसून त्याच्या आईला 'भाकरी नको' म्हणणारी मीच!

मी त्याला डोळ्यांचं सांगितलं. आकडाही सांगितला. त्याने आईला त्यांच्या बोलीत समजावलं. म्हातारी जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली ते असं, की आमच्याकडे भाकर नसायची तेव्हा आम्ही खात नव्हतो, तुमच्याकडे आहे तरी डॉक्टर खाऊ देत नाही, म्हणजे तुमचंही दैव काही बरं नाही. तिच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. कीव होती. मी भाकरीचा चतकोर मोडून घेतला, कालवणात बुडवून खाल्ला. आठ-नऊ ग्रॅम. त्या दिवशी मांडवातला भात मी घेतलाच नव्हता, त्यामुळे मर्यादेत बसलं. आणि नसतं बसलं तरी खाल्लाच असता.

उरलेली तीन चतकोर तिने फडक्यात बांधून ह्यांच्यासाठी दिली. ह्यांनी घरी आल्याबरोबर माझ्यासमोर बसूनच खाल्ली, हे वेगळं सांगायला नको.

जुलैत आकडा ७.३ आला. डोळ्यांचे ठिपके होते तेवढेच आहेत, वाढले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता इतकं कडक नको, या वयात स्नायू झडतात. दुपारी अर्धी भाकरी चालेल, नागलीची असेल तर उत्तमच. सून म्हणते, "आई, मग तो कीटो राहिला नाही." नसेल राहिला. बोटी परत जाईपर्यंत पुरतील एवढे सुके बोंबील केळव्याहून आणले होते. त्यातला निम्मा डबा खोडाळ्याला पाठवून दिला.