फळीवरचं नाव

जुनी फळी डोळ्यांच्या आधी तळहाताला कळते. ऊनपावसाने मऊ भाग झिजून गेलेला, टणक रेषा वर उठलेल्या, खिळ्याभोवती लोखंडाने काळा पडलेला डाग. कोकणात घरं उतरवताना निघालेली दारं, माळ्याच्या फळ्या आता फाटकाशी पाटी होऊन उभ्या राहतात. सागाची तपकिरी, फणसाची मधासारखी पिवळी. तिच्यावर घराचं नाव आणि शेजारी सुरंगीचा एखादा गजरा, व्हिनाइलवर छापून कापलेला. हे करून देणारा गावात अजूनही ‘रेडियमवाला’च. एकेकाळी दुचाकीचा नंबर कापायचा, तितक्याच सहजपणे तो घराचं नाव कापून देतो.

पूर्वी हे काम ब्रशने होई, आणि त्या पेंटरांच्या अक्षरांवर माझं फार प्रेम आहे. तरीही व्हिनाइलला मी परकं मानत नाही. त्याने लाकडाचं ऐकायला हवं, एवढंच.

कारण लाकूड कापल्यावरही हलत राहतं. दमट हवेत ते रेषांना आडवं फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. फळीच्या लांबीत लावलेल्या नावाला हा ताण अक्षराच्या उंचीपुरताच सोसावा लागतो. रुळांतून दाबून काढलेलं स्वस्त व्हिनाइल साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतं आणि स्वतःच मूळ मापाकडे आक्रसू पाहतं. ओतून केलेलं कास्ट व्हिनाइल ५० मायक्रॉनच्या आसपास. ते फळीच्या चढउतारांवर निवांत बसतं. महाग पडतं, पण खडबडीत लाकडाला तेच द्यावं.

खडबडीत फळीवर गोंद फक्त उंचवट्यांना धरतो, खाली हवा राहते, पावसात तिथूनच पाणी शिरतं. म्हणून पॉलिश पेपर फिरवायचा, धूळ टिपायची, पारदर्शक सीलर द्यायचा आणि त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. सॉल्व्हंट शाईची छपाईही दिवसभर उघडी ठेवावी. अडकलेला सॉल्व्हंट गोंद मऊ करतो आणि कडा उचलतात. पॉलिश पेपर मारताना मात्र सगळ्या रेषा सपाट करू नयेत. त्या घालवल्या तर जुनी फळी कशाला घ्यायची?

देवनागरी कापताना मला विशेष आनंद होतो. शिरोरेषा अख्खा शब्द हातात हात घालून उभा ठेवते. भोवतालचं व्हिनाइल सोलताना सुटून जातो तो अनुस्वार. त्याला चिमट्याने जपावं लागतं. मग ट्रान्सफर टेपवर नाव उचलायचं, मधून कडेकडे स्क्वीजी ओढायची, टेप अलगद सोलायची आणि हीट गनची मंद ऊब देत स्पंजाने दाबत जायचं. तेव्हा व्हिनाइल नरम होतं आणि खालची रेष अक्षरातून वर येते. ‘स’च्या पोटातून एखादी गाठ उमटते. छापलेल्या गजऱ्यावर लाकडाची शीर दिसू लागते. त्या क्षणी मी हात थांबवून नुसती बघत राहते.

तुमच्याही माळ्यावर अशी फळी पडली असेल, तर तिच्यावर कडेपासून कडेपर्यंत छापील चित्र चिकटवू नका. फक्त नाव आणि एखादं फूल कापून घ्या, बाकीचं लाकूड उघडं राहू द्या. आणि हे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करा.