भांड्यांची पाळी

न्याहारी आटोपली होती. भोजनगृहामागच्या मोरीत वाफ कोंडलेली. ओल्या फरशीवर ॲप्रन बांधलेली चार मुलं. एक जण ताटांतलं उष्टं डब्यात निपटत होता, एक मुलगी फवाऱ्याखाली ताटं खंगाळून यंत्रात लावत होती. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला असलेल्या या वेस्टटाउन शाळेची फी ऐकून मी आदल्या दिवशी गप्पच झालो होतो. एवढ्या महागड्या शाळेतली मुलं खरकटं काढताहेत म्हणजे शिक्षाच असणार! तसं विचारलं, तर ती मुलगी गोंधळली. "शिक्षा कसली? या आठवड्यात माझी पाळी आहे."

शाळा १७९९ सालची, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या मागे निघालेली ही माणसं न्यायाधीशापुढे टोपी काढत नसत, उमरावालाही सरळ 'तू' म्हणत, आणि त्यापायी मार खात, तुरुंगात जात. अहो-जाहोत वाढलेल्या मला ते धाडस वाचतानाही धडकी भरवायचं. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, ही त्यांची श्रद्धा. मग जेवणारे वेगळे आणि उष्टी काढणारे वेगळे, हे त्यांना कसं चालावं? क्वेकर शाळांतली मुलं अन्नछत्रात वाढायला जातात, वृद्धाश्रमात जातात. पुष्कळ शाळांत सेवेचे ठरलेले तास भरल्याशिवाय शिक्षण पुरं झालं असं मानतच नाहीत. युद्धात होरपळलेल्यांना जेवू घालणाऱ्या क्वेकर संस्थांना १९४७ चं शांततेचं नोबेल मिळालं. त्या कामाची बाराखडी अशाच मोऱ्यांत गिरवली गेली असणार.

मला गांधीजींचं सेवाग्राम आठवलं. मार्जोरी साइक्स ही क्वेकर बाई तिथे नई तालीमच्या, म्हणजे हातकामातून शिकवण्याच्या, कामात येऊन राहिली होती. तिथली मुलंही सूत कातत, झाडलोट करत, संडास साफ करत. यॉर्कशायरची बाई वर्ध्याच्या उन्हात कशी रमली असेल, हे कोडं मला या मोरीत उलगडलं.

मग प्रार्थनासभा. वेदी नाही, पुरोहित नाही, साधी लाकडी बाकं. सगळे नुसते गप्प बसलेले. बऱ्याच वेळानं एक मुलगा उठला. "वृद्धाश्रमातल्या आजोबांना माझं नाव लक्षात होतं," तो म्हणाला, "मी त्यांचं विसरलो होतो." एवढंच बोलून तो बसला. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी समजूत काढली नाही. शांतता पुन्हा जुळून आली.

सभा संपल्याची खूण म्हणून शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा असतो. माझ्या शेजारी मोरीतली ती मुलगी होती. तिची बोटं पाण्यानं अजून सुरकुतलेली होती.