वायसर

आमच्या इमारतीत पाणी ठरावीक वेळीच येते; एरवी भिस्त टाकीवर. मोरीतला नळ टपकू लागला तेव्हा आम्ही रात्री खाली बादली लावली. फजरला पाहिले तर निम्मी भरलेली! नदीकाठी बसूनही वुजूला पाणी उधळू नये, ही शिकवण अब्बांनी आम्हाला लहानपणीच दिलेली.

रविवारी बदलापूरहून सगळेच निघालो. अंबरनाथला खालाजानची औषधे पोचवली, अम्मीचा चष्मा घेतला आणि उल्हासनगर गाठले. सिंधी निर्वासितांच्या या छावणीला १९४९ मध्ये उल्हास नदीवरून नाव मिळाले. तीच नदी आमच्या बदलापुरातून वाहत येते. दुकानदाराने चकचकीत नवा नळ पुढे केला. अब्बांनी मागितला फक्त अर्ध्या इंची नळाचा रबरी वायसर आणि टेफ्लॉन टेप. सुतळी-सफेद्याच्या काळातले फिटर ते; चालता नळ फेकणे त्यांना पटत नाही.

घरी आल्यावर टाकीचा कॉक बंद केला. अब्बांनी पाना लावला, पण हात थरथरू लागला. काही न बोलता त्यांनी पाना धाकटीकडे दिला. भिंतीतला सांधाही पाझरत होता, म्हणून तिने अख्खा नळ उतरवला, चिरलेला वायसर बदलला.

"टेप घड्याळाच्या काट्यासारखी गुंडाळ, बेटा. उलटी गेली तर कसताना सुटेल."

कॉक उघडल्यावर अब्बांनी सांध्याखाली तळहात धरला. कोरडा! तेवढ्यात शेजारच्या चाची दारात आल्या. त्यांचाही नळ टपकत होता. अब्बा म्हणाले, "हिला घेऊन जा."