आर्णीचा कापूस आणि पेशीतला चोर

यवतमाळहून एसटीने नैर्ऋत्येकडे निघालात, की सुमारे ४० किलोमीटरवर अरुणावती नदीकाठचे आर्णी लागते. बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. पण इथे यावे ते दिवाळीनंतर! काळ्याभोर रानात पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटलेली असते.

वेचलेला कापूस जिनिंगमध्ये जातो. तिथे सरकी वेगळी निघते, उरते ती रुई. मग रुईचे सूत, सुताचे कापड. सरकीसकट सूत निघेल का? नाही ना!

असाच एक कारखाना आपल्या पेशींत चालतो. पेशीच्या केंद्रकात डीएनएची मूळ वही असते. कामापुरता मजकूर तिच्यातून उतरवून घेतात, तो आरएनए. या कच्च्या नकलेत नको असलेले तुकडे असतात, अगदी सरकीसारखे! पेशी ते कापून काढते आणि उरलेले भाग जोडते. नकलेला पुढे एक ‘टोपी’ आणि मागे ‘शेपूट’ही लावते. मग केंद्रकाबाहेर रायबोसोम नावाचा माग ती नक्कल वाचून प्रथिने विणतो.

आता चोराकडे वळू. कोरोना विषाणूजवळ असतो सुमारे ३० हजार अक्षरांचा आरएनए. माग मात्र नाही! म्हणून तो आपल्या पेशीत शिरतो. आपल्या आरएनएला पेशीसारखीच टोपी आणि शेपूट लावतो. पेशी फसते आणि त्याचीच प्रथिने विणू लागते.

एवढ्यावर तो थांबत नाही. त्याचे एनएसपी-१६ हे प्रथिन पेशीचे ‘जिनिंग’च अडवते. एनएसपी-१ हे दुसरे प्रथिन मागाच्या तोंडात बूच मारते. विषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीला एक खास खूण असते, म्हणून तो आत जातो. पेशीचा आरएनए बाहेरच ताटकळतो. शेजारच्या पेशींना सावध करणारी प्रथिनेही मग पुरेशी विणली जात नाहीत.

नकला काढताना विषाणू आपल्या चुका सुधारतो. तरी काही राहतातच, आणि त्यांतून नवे प्रकार निघतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत रुग्ण झपाट्याने वाढले, शाळा पुन्हा बंद झाल्या. पुढे त्या लाटेत डेल्टा प्रकाराने देशभर हाहाकार उडवला. कितीतरी घरांतली माणसे गेली.

पण माणसाने चोराचीच युक्ती त्याच्यावर उलटवली. आरएनए लशीत एक छोटी चिठ्ठी असते. तिच्यात विषाणूच्या फक्त काट्याची कृती लिहिलेली असते. आपला माग तो काटा विणतो आणि शरीर शत्रूला ओळखायला शिकते. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या अशा लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या थंडाव्यात टिकते. आर्णीसारख्या गावांसाठी ही केवढी सोय!

कापसाचे बोंड हाती आले, तर सरकी बोटांनी सोडवून पाहा. किती चिकाटीचे काम आहे ते! तुमच्या पेशी हे काम रात्रंदिवस करतात, तेही न कुरकुरता.